‘रंग तेवढा जरा उजळ घ्या’: मागणीनुसार चिंध्यांच्या बाहुल्या

सुईदोरा
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात फॉल-पिको आणि ब्लाउज शिवायचं माझं छोटं काम आहे. दुकानात कातरण इतकं साठतं की टाकवत नाही, म्हणून फावल्या वेळात चिंध्यांच्या बाहुल्या करायला लागले. आधी भाचरांना दिल्या, मग शेजारपाजारी. आता लोक मागणी नोंदवायला येतात: मुलीचा लहान झालेला फ्रॉक, आजीचं जुनं लुगडं घेऊन येतात आणि ‘यातून बाहुली करून द्या’ म्हणतात. हे काम मला मनापासून आवडतं.

आता प्रश्न. एका बाईंनी चार वर्षांच्या लेकीसाठी बाहुली सांगितली आहे. लेकीसारखी दिसणारी हवी. फोटो पाठवला, वेण्या कशा, रिबिनी कुठल्या रंगाच्या, सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, ‘रंग तेवढा जरा उजळ घ्या हं.’ पोरगी छान सावळी आहे. मी ‘बघते’ म्हणून फोन ठेवला. तुम्ही काय केलं असतं?

शिवाय दोन साधे प्रश्न: भरायला काय वापरावं आणि किंमत कशी लावावी?

झुळूक
पहिली! आधी फोटो टाका बाहुल्यांचे.

सुईदोरा
फोटो चढेनात हो. भाच्याला विचारून टाकते.

रोखठोक
यात प्रश्न काय आहे? गिऱ्हाईक सांगेल ते करायचं, पैसे घ्यायचे. ब्लाउजचा गळा किती खोल यावर तुम्ही उपदेश करता का?

टवाळ_पोर
रोखठोक, आमच्या कॉलनीतल्या शिंपीणकाकू करतात. गळ्यावर, बाह्यांवर आणि माझ्या लग्नावरसुद्धा.

हडसनकाठ
मी न्यू जर्सीत असते. हा धागा वाचला आणि इथे मुलांच्या मानसशास्त्रावर बोलताना हमखास निघणारा एक प्रयोग आठवला. केनेथ आणि मॅमी क्लार्क हे कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ जोडपं. १९४० च्या आसपास त्यांनी तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. रंग सोडला तर सगळ्या एकसारख्या. विचारलं, छान बाहुली कुठली? वाईट कुठली? बहुतेकांनी छान म्हणून गोरी उचलली. शेवटचा प्रश्न होता, तुझ्यासारखी दिसणारी कुठली? त्याला काही मुलं रडत उठून गेली. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या ब्राउन खटल्याच्या निकालात या संशोधनाची दखल आहे.

तेव्हा सुईदोरा, तुमच्या त्या बाई आणि त्यांची लेक यांच्यात तुम्ही ठेवणार ती वस्तू साधी नाही. लेकीला सांगणार ‘ही तू आहेस’ आणि रंग मात्र दुसराच. चार वर्षांच्या पोरीला ते बरोबर कळतं.

रोखठोक
घ्या. कोल्हापूरची बाहुली थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात.

मोगरा_पुणे
रोखठोक, चेष्टा सोडा. माझ्या लहानपणी घरातल्या सगळ्या बाहुल्या गुलाबी होत्या आणि मी नव्हते. आई कधी काही बोलली नाही, पण मामी प्रत्येक बाहुलीला ‘ही बघ गोरीपान, ही मोठेपणीची तू’ म्हणायची. मोठेपणी मी गुलाबी झाले नाही, हे सांगायला नको. सुईदोराताई, नाही म्हणून सांगा.

विणकरीण
+१ मोगरा. पण ‘नाही’ म्हणण्याआधी थोडं थांबा. मी अशा बाहुल्या बरीच वर्षं करतेय. आयांना उजळ हवं असतं त्यामागे दर वेळी गोरेपणाचा सोस असतोच असं नाही. कापडाचा रंग सपाट असतो. त्वचेला चकाकी असते, गालाला वेगळी छटा, ओठांजवळ वेगळी. त्यामुळे फोटोशी जुळवून आणलेलं तपकिरी कापड बाहुलीवर चढलं की एकदम निर्जीव दिसतं. अशी एखादी बाहुली कुठे बघितलेली असते, म्हणून आया घाबरतात.

मी काय करते: तीन-चार छटांचे तुकडे पाकिटात घालून पाठवते आणि सांगते, दिवसाउजेडी खिडकीपाशी लेकीच्या हातावर ठेवून बघा आणि जुळेल तो परत पाठवा. गोरी, सावळी, उजळ हे शब्द मी तोंडातून काढतच नाही. तुकडा हातावर ठेवला की बहुतेक जणी खरा रंगच निवडतात. गालांना कोरड्या ब्रशने जराशी लाली आणि केसांना नुसत्या काळ्याऐवजी काळ्या-तपकिरी लोकरीची सरमिसळ, एवढ्यावर बाहुलीत जीव येतो.

मोगरा_पुणे
हे भारी आहे. वाखूसा (वाचनखूण साठवली).

सुईदोरा
विणकरीणताई, तुकड्यांची कल्पना फार आवडली. पण तेवढ्या छटा आणू कुठून? होजिअरीत इथे एकच ‘स्किन’ मिळतो आणि तो कुणाच्याच स्किनसारखा नसतो!

विणकरीण
अहो, तुम्ही ब्लाउज शिवता आणि मला विचारता? मॅचिंग सेंटर! टू बाय टू रुबियात बदामी, गव्हाळ, चॉकलेटी अशा छटांची अख्खी भिंत असते. कापड पातळ आहे म्हणून आतून मांजरपाटाचं अस्तर लावा, नाहीतर भरलेलं बाहेरून दिसतं. आणि कापण्याआधी दोन्ही धुऊन आकसवून घ्या.

घरी रंगवायचं असेल तर चहाच्या पाण्यात गव्हाळ येतो, काथात गडद तपकिरी. तुरटीचं पाणी आधी द्या, म्हणजे टिकेल. तरी पहिल्या धुण्यात थोडा जातोच, म्हणून धुऊन झाल्यावरच छटा जुळवा.

पिंजारी_नव्हे
भरण्याबद्दल. आमच्याकडे जुन्या बाहुल्यांत चिंध्याच कोंबलेल्या असायच्या. जड व्हायच्या आणि धुतल्या की आतून वाळायच्याच नाहीत. सरकी काढलेला कापूस हाताला सर्वांत छान, पण धुतला की गुठळ्या होतात. सावरीचा कापूस हलका आणि पाणी न धरणारा, पण भरताना नाकातोंडात जातो आणि एवढीशी शिवण उसवली तरी घरभर उडतो. मुलांसाठी मुकाट्याने पॉलिएस्टरचा फायबर भरा, उशांत असतो तो. मशीनमध्ये धुता येतो, पटकन वाळतो.

रानवारा
प्लास्टिकच्या बाहुल्या नकोत म्हणून चिंध्यांच्या करायच्या आणि पोटात प्लास्टिक भरायचं. छान.

पिंजारी_नव्हे
रानवारा, तुम्ही कोकणातल्या जुलैत कापसाची बाहुली वाळवून दाखवा, मग बोलू. आतून बुरशी धरते आणि तीच पोरं तोंडात घालतात.

रानवारा
मी देशावर राहतो. 😄 आमच्याकडे कापूस चालतो. लोकरही चालते, कसर लागू दिली नाही तर.

पाटीपेन्सिल
मी बालवाडीत शिकवते. एक मुद्दा कुणीच काढला नाही: फोटोसारखा चेहरा मुळात कशाला हवा? वॉल्डॉर्फ पद्धतीच्या शाळांत बाहुलीला डोळ्यांचे दोन ठिपके आणि तोंडाची बारीक रेघ एवढंच असतं. हसरं तोंड कायम हसरंच राहतं. रुसलेल्या मुलीला हसरी बाहुली कशी समजून घेणार? चेहरा कोरा असला की मूल त्यात आपल्याला हवं ते बघतं.

विणकरीण
पाटीपेन्सिलशी अर्धी सहमत. त्या पद्धतीत डोकं फार सुरेख बांधतात. लोकरीचा घट्ट गोळा होजिअरीच्या नळीत घालायचा, डोळ्यांच्या रेषेवर मजबूत दोरा करकचून आवळायचा, मग एक उभा दोरा डोक्यावरून कानांवरून हनुवटीखाली. दोन्ही दोरे कानापाशी एकमेकांना टाचायचे. आपोआप गाल आणि कपाळ तयार होतं, वरून त्वचेचं कापड ताणून बसवायचं.

पण मागणीची बाहुली म्हटली की ओळख पटायला हवी. ती नाकडोळ्यांवरून पटत नाही, केस, भुवया आणि कपड्यांवरून पटते. भुवया जाड असतील तर जाड काढा, पुढचा दात पडला असेल तर तोंडात एक पांढरा टाका चुकवा. डोळे चेहऱ्याच्या मध्यरेषेच्या किंचित खाली आणि जरा लांब लांब ठेवा, म्हणजे चेहरा लहान मुलाचा वाटतो. वर गेले की बाहुली एकदम तहसीलदार दिसते. आधी टाचण्या लावून लांबून बघा आणि मगच सुई उचला. पाण्याने जाणारं पेन वापरणार असाल तर खुणांवर इस्त्री फिरवू नका, पक्क्या बसतात.

टवाळ_पोर
तहसीलदार बाहुलीची मागणी कुठे नोंदवायची? सातबारा अडकलाय.

दोन_लेकरांचा_बाप
धागाकर्तीला एक विनंती: डोळ्यांना बटणं आणि मणी नकोत. माझ्या धाकट्याने एका सुंदर हातशिवणीच्या अस्वलाचा डोळा उपटून तोंडात टाकला होता. बायकोने बोट घालून काढला. तेव्हा वाचलेलं डोक्यात बसलंय: तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातून निघणारा कुठलाही भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या चाचणीच्या नळकांड्यात पूर्ण मावत असेल तर ते खेळणं नापास. बटण तर त्यात सहज हरवतं. साखळी टाक्याने नाहीतर गाठीच्या टाक्याने भरलेले डोळेच बरे.

आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या पाळण्यात झोपताना बाहुली ठेवूच नये. बारशाला बाहुल्या देणाऱ्यांनी आईबापांना हे सांगून द्यावं.

झुळूक
मान कशी टिकवता हो? माझी प्रत्येक बाहुली आठवड्यात मान टाकते.

विणकरीण
भरण कमी पडतं. मानेत इतकं ठासा की बोटाने दाबलं तर दबू नये. डोकं आणि धड एकाच तुकड्यात कापलं तर मान रुंद ठेवा. दिसायला जाड वाटते, पण वर्षभर टिकते. वळणांवर शिवणीपर्यंत कात्रीने बारीक चिरा द्या, नाहीतर उलटवल्यावर मानेला चुण्या पडतात.

रोखठोक
आता खरं सांगू का, बाजारात दोनशे रुपयांत बाहुली मिळते. या खटाटोपाला हजार कोण देणार?

फाइलवाला
त्याआधी कायद्याचं बघा, कारण कुणीतरी उद्या ऑनलाइन विकायला बसेल. मी अनुपालनाच्या क्षेत्रात आहे, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघतो. खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रणाचा २०२० चा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. १४ वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, कापडी बाहुलीही त्यात येते. मात्र विकास आयुक्त (हस्तकला) कार्यालयाकडे नोंदणी केलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना सूट आहे. म्हणून सुईदोराताई, आधी कारागीर म्हणून ओळखपत्र काढून घ्या. त्याला ‘पहचान’ कार्ड म्हणतात.

आणि परदेशी पाठवणं वेगळंच प्रकरण आहे. युरोपात हातशिवणीच्या एकुलत्या बाहुलीलाही विकायचं तर सीई चिन्ह (तिथले सुरक्षेचे नियम पाळल्याची खूण) लागतं. अमेरिकेत १२ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तूंचे नियम कडक आहेत. मावशीने भाचीला भेट पाठवली तर प्रश्न नाही.

रोखठोक
म्हणजे बाहुलीला चेहरा नसला तरी चालेल, पण कार्ड हवं.

फाइलवाला
आता बरोबर समजलात.

कुणकेश्वरकर
अवांतर. कापडाचंच चाललंय तर आमची सावंतवाडीची ठकीही आठवा. लाकडी, पण बाहुलीच. चितार आळीत रंगवायचे. पांगाऱ्याचं लाकूड हलकं, म्हणून पोरांच्या हातात बरं. आमच्याकडे म्हणायचे, ठकी बघून चेडू (मुलगी) खूश झालां की झालां.

गोमतीकिनारी
कुणकेश्वरकर, अवांतराला अवांतर: नोकरीमुळे मी लखनौला आहे. इथे नागपंचमीला ‘गुडिया’ म्हणतात. मुली जुन्या कपड्यांच्या बाहुल्या करतात, तळ्यावर नाहीतर चौकात नेऊन टाकतात आणि मुलगे रंगीत छड्यांनी त्या बडवतात. पहिल्या वर्षी बघितलं तेव्हा माझा विश्वासच बसला नाही. शेजारीण म्हणाली, परंपरा आहे. मी म्हटलं, असेल, माझ्या मुलाच्या हातात छडी देणार नाही. आता आमच्या इमारतीत दोन-तीन घरं बाहुल्या करतात आणि झोक्यावर बसवून झुलवतात.

मोगरा_पुणे
बाप रे. हे माहीत नव्हतं.

मलबारी_सून
चांगलं उदाहरणही घ्या मग. २०१८ च्या ऑगस्टमध्ये केरळात पूर आला तेव्हा चेंदमंगलमच्या विणकरांचा ओणमसाठी तयार केलेला माल चिखलात गेला. त्या साड्या विकण्यासारख्या राहिल्या नव्हत्या. लोकांनी त्या धुऊन, निर्जंतुक करून छोट्या बाहुल्या केल्या, नाव चेकुट्टी. एका साडीतून ३६० बाहुल्या, बाहुली २५ रुपयांना. हिशेब करा, धड साडीच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे विणकरांकडे गेले. बाहुलीवर चिखलाचे डाग तसेच ठेवलेले असतात. माझ्या गाडीच्या किल्लीला एक आहे.

रानवारा
त्सुनामिकाही तशीच. २००४ च्या त्सुनामीनंतर पुद्दुचेरीशेजारच्या ऑरोव्हिलजवळच्या कोळी बायकांना हाताला काम म्हणून कातरणाच्या बोटभर बाहुल्या करायला शिकवल्या. विकत नाहीत, देतात. घेणाऱ्याला वाटलं तर वर्गणी द्यावी. आणि सुईदोराताई, इथेच रोखठोकना उत्तर आहे. दोनशेची बाहुली आणि तुमची बाहुली एका तागडीत बसतच नाहीत. आजीचं लुगडं कुठल्या दुकानात मिळतं?

रोखठोक
भावना ठीक आहेत, आकडा सांगा. ‘अमूल्य आहे’ म्हणणारेच शेवटी ‘काही कमी नाही का होणार’ विचारतात.

खर्डेघाशी
आकडा मी सांगते. माझी बहीण नाशकात हेच करते. मी तिला एकच शिकवलं: बाहुलीचा वेळ ब्लाउजमध्ये मोज. तेवढ्या वेळात जितके अस्तराचे ब्लाउज शिवून झाले असते तितकी शिलाई, वर साहित्य. त्याखाली उतरायचं नाही, कारण खाली उतरलीस तर तू स्वतःच्या दुकानाला तोट्यात काम देते आहेस. कापणं-शिवणं एका दुपारी उरकतं. केस आणि चेहराच वेळ खातात, म्हणून वेण्या, कुरळे केस, चष्मा यांचे वेगळे पैसे. अर्धी रक्कम आधी. आणि आजीचं लुगडं कापण्याआधी ‘कापू का’ असं लेखी विचारून घ्यायचं. आत्याला तेच जपून ठेवायचं होतं, हे बाहुली झाल्यावर कळलं तर काय करणार?

सुईदोरा
खर्डेघाशी, डोळे उघडले. अस्तराच्या ब्लाउजला मी साडेतीनशे घेते, बाहुलीच्या वेळात तीन होतात. साहित्य दीडशे. म्हणजे बाराशे. आजवर मी पाचशे घेत होते आणि लोक ‘ताई, फार होतात हो’ म्हणत होते.

दोन_लेकरांचा_बाप
माझा मुलगा पाच वर्षांचा. त्याला त्याच्यासारखा बाहुला हवा आहे. कोल्हापूरहून पुण्याला पाठवाल का? घरात आजोबा म्हणतात ‘मुलग्याला बाहुली?’ मी म्हटलं, तुम्ही नातवाला आंघोळ घालता, झोपवता, तेच तो बाहुल्याला करणार. तेव्हापासून गप्प आहेत. नातवाला काल त्यांनीच टॉवेलचं लंगोट कसं बांधायचं ते दाखवलं.

पाटीपेन्सिल
आजोबांना माझा नमस्कार.

माझ्या वर्गात एका मुलीला कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू यावं म्हणून शस्त्रक्रियेने बसवलेलं यंत्र) आहे. तिच्या मावशीने बाहुलीच्या कानामागे फेल्टचा छोटा गोल आणि लोकरीची तार शिवून दिली. बाकीची मुलं आधी ‘हे काय’ विचारत होती, आता आपापल्या बाहुल्यांना लावून मागतात. सुईदोराताई, चष्मा, पायाला आधार देणारं कॅलिपर, कानाचं यंत्र, हे तुमच्या यादीत जरूर घाला. दुकानात हे शोधून मिळत नाही. तुमचं काम खरं इथेच आहे.

हडसनकाठ
खरंच. आणि मी पुन्हा मूळ प्रश्नावर येते. इम्प्लांट जसा आहे तसा दाखवायचा म्हणून आपण सगळे खूश, मग रंगाच्या बाबतीत ‘गिऱ्हाइकाची मर्जी’ का?

रोखठोक
हे मात्र बरोबर पकडलंत. माघार नाही, पण बरोबर पकडलंत.

सुईदोरा
मंडळी, उशीर झाला. तुकडे पाठवले होते. रुबियाच्या चार छटा, मागे नुसते आकडे लिहून. आईंनी तीन नंबर निवडला. माझ्या मते चार जुळतो. तसं मी त्यांना सांगितलं, म्हटलं खिडकीपाशी परत एकदा बघा. त्यांच्या सासूबाईंनी (बाहुलीसाठी दिलेलं लुगडं त्यांचंच आहे) चार नंबरवर बोट ठेवलं. घरात चर्चा चालू आहे. तीनच हवा म्हणाल्या तर मी तीन करणार आहे, तो खऱ्याच्या जवळचाच आहे. त्याहून फिका मात्र करणार नाही, हे बोलून टाकलंय.

बाराशे सांगितले. नाक मुरडलं, पण अर्धे पाठवले. लुगडं कापायला होकार लेखी घेतला.

पुण्याच्या बाहुल्यासाठी दादा तुम्ही मेसेज करा. ‘पहचान’च्या अर्जाला कागद काय लागतात ते फाइलवाले सांगतील का?

मोगरा_पुणे
तीन नंबर म्हणजे तडजोडच की! मी चारवरच अडून बसले असते.

विणकरीण
बसा की. तुमच्या दुकानाचं भाडं कोण भरणार तेही सांगा. तिने रेष आखली, ती महत्त्वाची.

फाइलवाला
कागदांचं व्यनित (व्यक्तिगत निरोपात) पाठवतो. आधार आणि बँक खातं तयार ठेवा.

झुळूक
फोटो?!

टवाळ_पोर
भाचा अजून शाळेतून आला नाही.

नवी_सुई
सगळा धागा आत्ताच वाचला, मलाही करून बघायची आहे. मुंबईत मांजरपाट आणि रुबिया एका ठिकाणी कुठे मिळेल?

विणकरीण
मंगलदास मार्केट. रविवारी बंद असतं, उगाच हेलपाटा घालू नका. आणि मांजरपाट जास्तच घ्या, पहिल्या बाहुलीचं डोकं पुन्हा कापावं लागतंच.